आरोपपत्र आणि शुभवर्तमान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी धर्माविषयी स्पष्ट बोलण्याचा वसा घेतला होता. तो वसा पाळायचा तर आज मला दोन गोष्टी एकाच दमात सांगाव्या लागतील. मी ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्तावर माझी श्रद्धा आहे, ही पहिली. ख्रिस्ताचे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या धर्मसंस्थेने इतिहासात भयंकर अपराध केले आहेत, ही दुसरी. यांतली एक सांगायची आणि दुसरी झाकायची, हे मला जमणार नाही आणि तुम्हालाही ते रुचणार नाही.

अपराधांची यादी मोठी आहे. आपल्या शेजारी गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले. मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. नवख्रिस्ती माणूस घरात कोणता सण करतो, लग्नात कोणते विधी करतो, अंगणात तुळस लावतो का, यावर पाळत राहिली. माणसे कोठडीत खितपत पडली, काहींना जिवंत जाळले गेले. आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करून अटलांटिकपार नेणारी जहाजे ख्रिस्ती देशांची होती. युरोपात ज्यू लोकांना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवून शतकानुशतके छळले गेले. आपल्या देशात, विशेषतः तमिळनाडूत, दलित ख्रिस्ती माणसाला चर्चमध्ये बसायला वेगळी जागा आणि मेल्यावर वेगळी दफनभूमी, असे प्रकार घडले. आणि आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या काही दशकांत, धर्मगुरूंनी लहान मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यांवर घातलेले पांघरूण उघडकीला आले.

एवढे सगळे झाल्यावर हा धर्म आतून मरून जायला हवा होता. तुम्ही म्हणाल, सत्ता होती, पैसा होता, म्हणून टिकला. कबूल. पण टिकणे वेगळे आणि पुन्हा जिवंत होणे वेगळे. सत्तेच्या जोरावर इमारती टिकतात. मग काही पिढ्यांनी याच धर्मात कुणीतरी उठते, संस्थेला खडे बोल सुनावते, रोग्यांच्या, अनाथांच्या, टाकलेल्या माणसांच्या शेजारी जाऊन बसते आणि थंड पडलेली श्रद्धा पुन्हा पेटते, हे कसे घडते? हे नवजीवन येते कुठून?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, मग ते तपासू. ख्रिस्ती धर्मसंस्थेवरचे सर्वांत कठोर आरोपपत्र तिच्याच धर्मग्रंथात आहे. तो ग्रंथ ती स्वतः दर रविवारी मोठ्याने वाचते. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण ऐकून घरी जातात. एखादा मात्र ते मनावर घेतो. तिथून नवजीवन सुरू होते.

यासाठी तीन मुद्दे मांडतो. पहिला, हे आरोपपत्र नेमके कुठे आहे. दुसरा, ते मनावर घेणारी माणसे कोण होती. यात आपल्या मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. आणि तिसरा, खुद्द संस्था कधी बदलते.

पहिला मुद्दा घेऊ.

येशूच्या बारा शिष्यांमध्ये पुढारी कोण? पेत्र. चर्च ज्याला आपला पहिला आधार मानते तो पेत्र. येशूला पकडून नेले त्या रात्री हा पेत्र अंगणात शेकोटीपाशी उभा होता. एका दासीने विचारले, तू त्याच्याबरोबर होतास ना? तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. एकदा नव्हे, तीनदा म्हणाला. ही हकिकत मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत आहे. विचार करा. ज्या काळात ही शुभवर्तमाने लिहिली गेली तेव्हा पेत्राला केवढा मान असेल! नवी, छळ सोसणारी, पाय रोवू पाहणारी ती मंडळी. आपल्या थोर पुढाऱ्याची अशी लाज कोण लिहून ठेवील? त्यांनी ठेवली. चौघांनीही ठेवली.

त्याच्याही मागे जा. जुन्या करारात आमोस नावाचा संदेष्टा आहे. तकोवा गावचा मेंढपाळ. तो सांगतो की तुमचे सण, तुमचे यज्ञ, तुमची गाणी यांचा देवाला वीट आला आहे. त्याला हवा आहे तो न्याय. गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्यांची पूजा तो स्वीकारत नाही. पुरोहिताने आमोसला देशाबाहेर जायला सांगितले. त्या पुरोहिताचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते आमोसच्या पुस्तकामुळे. ज्याने हाकलले तो बाजूला पडला आणि ज्याला हाकलले त्याचे शब्द पवित्र ग्रंथात गेले. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू स्वतः अखेरच्या न्यायाचे चित्र उभे करतो. तिथे उपवासांचा, प्रार्थनांचा, पंथांचा हिशेब कुणी मागत नाही. भुकेल्याला जेवू घातले का, परक्याला घरात घेतले का, कैद्याला भेटायला गेलात का, एवढेच विचारले जाते.

श्रोतेहो, सत्तेवर बसलेल्यांना या ग्रंथाची धार नीट कळत होती. याचा एक पुरावा देतो. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. जुन्या कराराचा बहुतेक भाग तिच्यातून गाळला होता. मोशे इजिप्तच्या राजापुढे उभा राहतो आणि गुलामांना सोडवून बाहेर काढतो, ती हकिकतच गाळली होती! का गाळली? कारण छापणाऱ्यांना पक्के ठाऊक होते की ही गोष्ट गुलामाच्या कानावर पडली तर त्याला आपला मालक ओळखू येईल. आणि त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्यामागे क्वेकर पंथीयांचा आणि विल्बरफोर्ससारख्या श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांचा वर्षानुवर्षांचा लढा होता. शहर एक, वर्ष एक, ग्रंथ एक. एकाने पाने गाळली, दुसऱ्याने तीच पाने वाचून कायदा बदलायला लावला.

म्हणून मी म्हणतो, आरोपपत्र बाहेरून आलेले नाही. ते घरातच आहे. प्रश्न फक्त एवढाच की ते पूर्ण वाचायचे की पाने गाळून वाचायचे.

आता दुसरा मुद्दा. हे मनावर घेणारी माणसे कोण होती?

गोव्यापासूनच सुरुवात करतो, कारण जखम तिथली आहे. १६५१ साली बाणावली गावी जुझे वाझ जन्मले. कोकणी घरातले. ते धर्मगुरू झाले तरी त्या काळात युरोपीय संन्यासी संघांची दारे गोव्यातल्या माणसाला बंद होती. धर्म दिला, पण बरोबरी दिली नाही. फादर वाझ आणि त्यांच्या सोबत्यांनी १६८५ नंतर जुन्या गोव्यात आपला स्वतःचा संघ उभा केला. मग फादर वाझ १६८७ साली श्रीलंकेला गेले. तिथे डच प्रॉटेस्टंट सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. ते भिकाऱ्याच्या वेशात उतरले. कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकले. पुढे कँडीत देवीची साथ आली. लोक रोग्यांना सोडून पळाले, तेव्हा हा माणूस रोग्यांची शुश्रूषा करत तिथेच राहिला. १७११ साली कँडीतच ते वारले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

एका बाजूला तलवार आणि राज्यसत्ता यांच्या आधाराने चालणारा धर्म. दुसऱ्या बाजूला सैन्य नाही, तोफा नाहीत, उलट ख्रिस्ती सत्ताच मागे लागलेली, असा एकटा माणूस. धर्म दोघांचाही एकच. पण यातली अवघड बाजूही सांगायला हवी. वाझ यांच्या त्या गोव्यातल्या संघातही प्रवेश ब्राह्मण ख्रिस्ती घरांतल्यांनाच मिळत असे. युरोपीयांनी लावलेले दार उघडणाऱ्यांनी आपले एक दार लावूनच घेतले होते. नवजीवन कधीच पूर्ण होऊन संपत नाही. एका पिढीने जे दार उघडायचे राहून गेले, ते पुढच्या पिढीला उघडावे लागते.

आता ज्यांच्याविषयी मला आज सर्वांत जास्त बोलायचे आहे, त्या पंडिता रमाबाई.

त्यांचे चरित्र तुम्हाला ठाऊक आहे. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवले, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. कलकत्त्यात पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पती वारले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

त्यांना ख्रिस्ताकडे कशाने ओढले? वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्स त्यांना लंडनमधल्या फुलम इथे घेऊन गेल्या. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे या सिस्टर्स मायेने सांभाळत होत्या. रमाबाईंनी विचारले, तुम्ही यांची एवढी काळजी का घेता? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, लोकांनी नावे ठेवलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी बरोबरीने बोलणारा येशू. शास्त्रांत स्त्रियांविषयी काय लिहिले आहे हे रमाबाईंना पाठ होते. त्यांना ही गोष्ट लागली.

पण पुढे काय झाले पाहा. बाप्तिस्मा घेतल्यावर चर्चची अपेक्षा होती की आता ही विदुषी निमूट ऐकेल. रमाबाई ऐकणाऱ्या नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धांत मला माझ्या बुद्धीने समजून घ्यायचा आहे, म्हणाल्या. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरे कशासाठी, माझ्या देशाची संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवले ते साधारण असे: भारतात मी पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे; ती दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे.

मित्रहो, त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आत. परका देश, आश्रय त्याच चर्चचा, भाकरी त्यांच्याच घरातली. तरीही त्या वाकल्या नाहीत. आणि निघूनही गेल्या नाहीत. हे मला फार महत्त्वाचे वाटते. निघून जाणे सोपे होते. वाकणेही सोपे होते. त्यांनी तिसरी वाट धरली. ज्यांनी शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, त्यांनाच त्या गोष्टीच्या आधारे विचारत राहिल्या की मग तुमच्या चर्चमध्ये स्त्रीला कोणते स्थान आहे?

काही वर्षांनी रमाबाईंना आणखी एक गोष्ट उमगली. ती त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की बाप्तिस्मा घेऊन मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, तो चांगलाही होता, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त मला अजून मिळाला नव्हता. केवढे धाडसाचे हे बोलणे! ज्या धर्मासाठी आप्त दुरावले, पुण्याच्या समाजाने टीका केली, त्याविषयी ही बाई उघड सांगते की त्याचे नाव मिळाले होते, प्राण नव्हता. धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला का? हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला. मला वाटते, प्रत्येक चर्चने दर पिढीला तो स्वतःला विचारावा.

आणि ख्रिस्त मिळाल्याचा पुरावा काय? केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, अनाथ, दलालांच्या हाती लागण्याच्या बेतात असलेल्या मुली आणि विधवा त्यांनी सोबत आणल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या सुमारे २००० वर गेली. फुलममध्ये पाहिलेल्या स्त्रियांची आठवण ठेवून, समाजाने टाकलेल्यांसाठी त्यांनी तिथे ‘कृपा सदन’ काढले. अंध मुलींना ब्रेल शिकवले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांच्या वाट्याला काय येते, याविषयी त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि इंग्रज सरकारला जाब विचारला. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही.

१९०५ च्या जूनअखेर केडगावात जे घडले त्याला ख्रिस्ती जगात ‘मुक्तीचे संजीवन’ म्हणतात. मुली रात्र रात्र प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपली पापे कबूल करू लागल्या, मोठ्याने स्तुती करू लागल्या. काही मिशनऱ्यांना हा गोंधळ आवडला नाही. त्या भावनेविषयी आज कुणी काहीही म्हणो, मी एक गोष्ट पाहतो. रात्री प्रार्थनेत रडणाऱ्या त्याच मुली दिवसा शेतात, मागावर, छापखान्यात काम करत होत्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी सबंध बायबल आणले. खिळे जुळवले ते केडगावच्या स्त्रियांनी. ज्यांना कुणी माणूस म्हणून मोजले नव्हते, त्यांच्या हातून देवाचा ग्रंथ छापला गेला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याआधी त्यांनी आपले काम पुरे केले होते.

तिसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनने त्यांना काम दिले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात त्यांची लेखणी चालली, त्यांची गीते आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते म्हणत. पण मिशनमध्ये वीसहून अधिक वर्षे काढल्यावर त्यांना एक सल सतावत राहिला. गोऱ्या मिशनऱ्याचा बंगला आणि त्याच्या पगारावर अवलंबून असलेली देशी मंडळी, या नात्यात ख्रिस्त परका साहेब होऊन बसतो. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला. ख्रिस्त पाहिजे असेल तर त्याबरोबर साहेबाची सगळी व्यवस्थाही घेतलीच पाहिजे का?

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक? त्यांचे सोवळेओवळे हळूहळू कसे सुटले, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. कुणी प्रवचन देऊन ते सुटले नाही. माणसांशेजारी बसून, त्यांच्या हातचे खाऊन, त्यांची मुले मांडीवर घेऊन ते सुटले. मंडळीत आलेले बहुतेक लोक समाजाने अस्पृश्य मानलेले. त्यांच्यात ही चित्पावन घरातली बाई मिसळली. चर्चमधली जात अशीच जाते. एरवी ती बाप्तिस्म्याच्या पाण्यातूनही कोरडीच बाहेर येते.

पाहा, या सगळ्यांत समान काय आहे? वाझ, रमाबाई, टिळक. तिघांनाही संस्थेने कमी लेखले. तिघांनीही संस्थेपुढे मान तुकवली नाही. आणि तिघांनीही ख्रिस्ताला सोडले नाही. तिघांना ख्रिस्ताची गोष्ट पोहोचवली ती मात्र त्याच संस्थेने. यासाठीच संस्थेला माझा विरोध नाही. ती चुकते, पण तिच्या हातून ती गोष्ट पुढे जाते. आणि ती गोष्टच एके दिवशी तिला जाब विचारते.

आता तिसरा मुद्दा. संस्था स्वतः कधी बदलते?

१३ जून १९६० रोजी एक वृद्ध गृहस्थ व्हॅटिकनमध्ये पोप तेविसावे जॉन यांना भेटले. त्यांचे नाव झ्यूल इझाक. फ्रेंच इतिहासकार, ज्यू. त्यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या आउश्वित्झ छावणीत मारली गेली होती. या माणसाने सूड मागितला नाही. त्याने एक टिपण पुढे ठेवले. ज्यूंविषयी तुमच्या शाळांत, प्रवचनांत, प्रार्थनांत शतकानुशतके जी तुच्छता शिकवली गेली, तिनेच या द्वेषाला खतपाणी घातले. ती शिकवण बदला, एवढेच त्याचे मागणे होते. निघताना त्याने विचारले, मी आशा धरू का? पोप म्हणाले, तुम्हाला आशेहून अधिक काही मिळण्याचा हक्क आहे.

पुढे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. ११ ऑक्टोबर १९६२ ते ८ डिसेंबर १९६५. जगभरातले दोन हजारांहून अधिक बिशप जमले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने घोषित केले की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. त्याच घोषणेत हिंदू, बौद्ध आणि इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असेही म्हटले आहे. लॅटिनमध्ये चालणारी मिस्सेची उपासना लोकांच्या भाषेत आली. आपल्या वसईतल्या माणसाला मिस्सेत मराठी ऐकू येऊ लागली. त्याच वसईत पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले आणि ‘हरित वसई’च्या चळवळीत, जमीन गिळणाऱ्यांच्या विरोधात, सर्व धर्मांच्या लोकांबरोबर ते रस्त्यावर उतरले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. देवळाच्या भिंतीबाहेर पडलेली श्रद्धा अशी दिसते.

यातून मला एक सूत्र मिळते. संस्था बदलते ती जखमी माणूस बोलतो आणि ती ऐकते तेव्हा. इझाक बोलले, पोप जॉननी ऐकले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर बासिलिकेत चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांची जाहीर कबुली दिली आणि क्षमा मागितली. मुलांवरील अत्याचारांच्या बाबतीत संस्थेने फार उशिरा ऐकले. तक्रार करणाऱ्यांना आधी गप्प केले गेले, खोटे ठरवले गेले. पीडित माणसे वर्षानुवर्षे बोलत राहिली, पत्रकारांनी सत्य बाहेर काढले, तेव्हा कुठे २०१९ साली तक्रार दडपणाऱ्या बिशपांनाही जाब विचारणारे नियम आले. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण काढले आणि चर्चमधली अस्पृश्यता हे पाप असल्याचे मान्य केले. दलित ख्रिस्ती माणसाने ते शतकानुशतके सोसल्यावर!

प्रत्येक वेळी ऐकायला एवढा उशीर का होतो? कारण संस्थेला वाटते, कबुली दिली तर विश्वास ढळेल. पण चर्चच्या इतिहासात उलटे दिसते. लपवल्याने विश्वास ढळला आहे. कबुलीने तो परत आला आहे. ज्या ग्रंथात पेत्राचे नाकारणे चारदा लिहिले आहे, त्या ग्रंथाच्या अनुयायांनी आपली चूक लपवावी, याला काय म्हणावे?

आता सारांशाकडे येतो. संजीवन, जागृती, नवजीवन हे शब्द आज फार स्वस्त झाले आहेत. मोठे मंडप पडतात, ध्वनिक्षेपक लागतात, लोक रडतात, हात उंचावतात. त्यात खोटे काही असेलच असे मी म्हणत नाही. पण खरे नवजीवन ओळखायला माझ्याकडे तीन कसोट्या आहेत. पहिली, ते कुणाच्या पापाविषयी बोलते? स्वतःच्या की फक्त दुसऱ्याच्या? दुसरी, त्याने कुणासाठी दार उघडले? बंद दारापाशी उभा होता तो माणूस आत आला का? तिसरी, प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तिथे राहता येते का? रमाबाई तिथे राहू शकतील का? या तिन्ही कसोट्यांना ते उतरले तर केडगावात जे आले तेच इथेही आले आहे. नाही उतरले, तर तो केवळ उत्साह आहे आणि उत्साह ओसरतो.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना काही कामे सुचवतो. आपल्या मंडळीत मुलांच्या किंवा स्त्रियांच्या बाबतीत तक्रार आली, तर ती ऐकणारी व्यक्ती पाळकांच्या आणि बिशपांच्या अधिकाराबाहेरची असू द्या. लग्न जुळवताना जात विचारणे थांबवा. एकाच प्याल्यातून प्रभूचे भोजन घ्यायचे आणि सोयरीक मात्र जातीत करायची, हे ख्रिस्ताच्या मेजाशी सुसंगत नाही. मंडळीच्या जमिनीचे आणि पैशांचे हिशेब सर्वांपुढे मांडा. आणि स्त्रीला उपदेश करू द्या; ज्या भाषेत पंडिता रमाबाईंनी बायबल आणले, त्या भाषेत हे मागावे लागू नये.

सभागृहातल्या इतर धर्मीय मित्रांना एवढेच सांगेन. आमचे संत दाखवून आम्हाला मोठे ठरवू नका आणि आमचे अपराध दाखवून ख्रिस्ताला छोटे करू नका. आमचा ग्रंथ आम्ही वाचतो, मग त्यानंतर काय करतो, यावर आमची परीक्षा करा. तुमच्या परंपरेतही असे आरोप करणारे संत आहेत. तुकोबा आहेत, चोखोबा आहेत, त्यांचाही असाच मनापासून विचार व्हावा, असे मला वाटते.

धर्म चुकतो, कारण तो माणसांच्या हाती असतो. पण जोवर त्याच्या हातात न गाळलेला ग्रंथ आहे, जोवर त्यात वाचलेले मनावर घेणारा एक तरी माणूस आहे आणि जोवर त्या माणसाला बोलायला जागा आहे, तोवर आशेला जागा आहे. ती जागा राखणे हे कुणा एका पोपचे, बिशपचे किंवा पाळकाचे काम नाही. ते तुमचे आणि माझे काम आहे. येत्या रविवारी वाचन ऐकताना आपल्यावरचा आरोप ऐकू आला, तर कान झाकू नका. त्याच आठवड्यात त्याला उत्तर देणारे एक काम हाती घ्या.